इमानाला दलील लागते का? : इमाम गझालींच्या आत्मकथनाचे वाचन

मकतबात बसून कायदा-सिपारा शिकलेल्या आमच्या पिढीतील बहुतेकांनी इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या नावेची आख्यायिका ऐकलेली आहे. अल्लाहचे अस्तित्व न मानणाऱ्या एका पंडिताशी त्यांचा वाद ठरला. इमामसाहेब उशिरा पोहोचले. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "नदी ओलांडायला नाव नव्हती. एवढ्यात एक झाड आपोआप कोसळले, त्याच्या फळ्या झाल्या, फळ्या जुळल्या, नाव तयार झाली आणि तिने मला पैलतीरी आणले." पंडित हसला. इमामसाहेब म्हणाले, "एक नाव आपोआप होत नाही, आणि ही जमीन, हे आसमान आपोआप झाले म्हणतोस?" वाद तिथेच संपला.

आम्हांला ही गोष्ट फार आवडायची. पण ती ऐकलेला मुलगा मोठा होतो, कॉलेजात जातो, डार्विन वाचतो. मग त्याच्या मनात येते की नावेला पिल्ले होत नाहीत, सजीवांना होतात. लाखो वर्षांत हळूहळू बदल होत गेले तर सुताराची गरज कुठे पडते? तो घरी विचारतो. तेव्हा त्याला साधारणपणे दोनपैकी एक उत्तर मिळते. पहिले, "तोबा कर, असले प्रश्न शैतान मनात घालतो." दुसरे, "अरे, विज्ञानाने आज जे शोधले ते सगळे कुरआनात आधीच आहे." पहिल्या उत्तराने प्रश्न दाबला जातो. दुसऱ्या उत्तराने इमान अशा खुंटीवर टांगले जाते जी उद्या हलू शकते. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण मुलगा एकटा पडतो.

या एकट्या पडलेल्या मुलाच्या हाती आम्ही जे पुस्तक देऊ, ते सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचे आहे. इमाम अबू हामिद गझाली (१०५८–११११) यांचे 'अल-मुनकिझ मिनद्दलाल', म्हणजे 'भटकण्यातून सोडवणारा'. आकाराने लहान, पन्नाशी उलटल्यावर लिहिलेले. आमच्याकडे गझालींचे नाव 'हुज्जतुल इस्लाम' म्हणून आदराने घेतले जाते. हुज्जत म्हणजे पुरावा. पण ज्याला आम्ही इस्लामचा पुरावा म्हणतो, त्याच माणसाने आपल्या हातातून सगळे पुरावे कसे निसटले ते या पुस्तकात लिहून ठेवले आहे. याकडे आमचे लक्ष फारसे जात नाही.

पुस्तकाची सुरुवात एका साध्या निरीक्षणाने होते. ख्रिस्त्यांची मुले ख्रिस्ती होतात, यहुद्यांची यहुदी आणि मुसलमानांची मुसलमान. मग माझे मानणे माझे कशावरून? वाडवडिलांकडून ऐकून मानणे, ज्याला 'तकलीद' म्हणतात, ते एकदा काचेसारखे तडकले की पुन्हा सांधत नाही, असे त्यांना वाटते. म्हणून ते खात्रीचा माप ठरवतात. दहा हे तीनपेक्षा मोठे आहे हे आपल्याला ठाऊक आहे. कोणी म्हणाले, तीन मोठे, आणि पुरावा म्हणून काठीचा साप करून दाखवला, तरी आपण त्याच्या करामतीने चकित होऊ, हिशेब बदलणार नाही. खात्री असावी तर अशी.

हा माप घेऊन ते निघाले आणि अडकले. डोळ्यांना सावली स्थिर दिसते, पण तासाभराने ती सरकलेली असते. तारा दीनाराएवढा दिसतो, पण गणित सांगते की तो पृथ्वीहून मोठा आहे. म्हणजे डोळ्यांची साक्ष बुद्धीने खोटी पाडली. मग बुद्धीलाही खोटे पाडणारे काही नसेल कशावरून? स्वप्नात जे पक्के वाटते ते जाग आल्यावर फोल ठरते. या जागेपणावरही आणखी एखादी जाग असेल तर? या शंकेवर उत्तर सापडेना. कारण उत्तर म्हणजे दलील, दलील मूलभूत सत्यांवर उभी राहते, आणि संशय तर त्या मूलभूत सत्यांवरच होता. हे दुखणे जवळपास दोन महिने टिकले. तोंडाने नव्हे, पण मनाने आपण संशयवादी झालो होतो, असे ते स्पष्ट लिहितात.

सुटका झाली ती कोणत्याही रचलेल्या दलीलीने नव्हे. अल्लाहने छातीत टाकलेल्या एका नूरने. इथे आमचे बरेच वाचक घाई करतात. "पाहा, गझालींनी अक्कल सोडली आणि इमान धरले," असे म्हणून ते पान उलटतात. पण त्या नूरने काय परत दिले, हे नीट वाचावे. त्याने आधी कोणता अकीदा परत दिला नाही. बुद्धीवरचा भरवसा परत दिला. दहा हे तीनपेक्षा मोठे आहे, हे पुन्हा मानता येऊ लागले. म्हणजे दलीलीच्या पायाखालीही एक भरवसा असतो, जो दलीलीने सिद्ध होत नाही. निव्वळ पुराव्यावर जगतो म्हणणाऱ्या माणसालाही आपल्या डोळ्यांवर, आपल्या आठवणीवर आणि आपल्या तर्कावर आधी भरवसा टाकावाच लागतो. आमच्या मते या पुस्तकातील सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, आणि ती श्रद्धाळू व नास्तिक दोघांनाही लागू पडते.

त्यानंतर गझाली बुद्धी हातात घेऊनच चालतात. मुतकल्लिम, तत्त्वज्ञ, बातिनी आणि सूफी अशा चार गटांची ते तपासणी करतात. इमामाला मासूम मानून सगळे त्याच्यावर सोपवणाऱ्या बातिनींना ते दलीलीनेच अडवतात. इल्मे कलामविषयी त्यांचे मत असे की ते शास्त्र आपल्या जागी ठीक आहे, पण त्याने माझे दुखणे बरे झाले नाही. मग अल्लाह, नबुव्वत आणि आखिरत यांवर त्यांचे इमान कशाने बसले? ते सांगतात, एखाद्या नेमक्या दलीलीने नव्हे, तर मोजता न येणाऱ्या कारणांनी, प्रसंगांनी आणि अनुभवांनी. वैद्य खरा की खोटा, हे त्याच्या एका चमत्काराने कळत नाही. थोडे वैद्यक शिकून त्याची पुस्तके वाचली, त्याच्या उपचारांचा गुण पाहिला की कळते. नबीची ओळखही अशीच पटते, असे ते म्हणतात. एकट्या मोजिज्यावर इमान उभे केले तर त्याला कोणी जादू म्हणेल आणि तुम्ही निरुत्तर व्हाल.

गझालींनी हे लिहिले ते आजच्या आमच्या कपाटांकडे पाहूनच जणू. फ्रेंच डॉक्टर मॉरिस बुकाय यांचे कुरआन आणि विज्ञानावरचे पुस्तक १९७६ मध्ये आले आणि तेव्हापासून 'कुरआनातले विज्ञान' सांगणाऱ्या पुस्तकांची, भाषणांची रांग लागली. हेही काठीचा साप दाखवण्यासारखेच आहे. विज्ञान आपले निष्कर्ष दुरुस्त करत पुढे जाते, तो त्याचा स्वभावच आहे. आजच्या सिद्धांताशी आयत जुळवणाऱ्याने उद्या सिद्धांत बदलल्यावर काय करायचे? गझालींनी आपल्या काळातील एका वेगळ्या मंडळींना 'इस्लामचे अडाणी मित्र' ठरवले होते. ग्रहणाचे गणित नाकारले म्हणजे दीनची सेवा झाली, असे त्या मंडळींना वाटे. ते गणित पक्के आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याचा संशय गणितावर येत नाही, दीनवर येतो. विज्ञान नाकारणारा मित्र आणि विज्ञान चिकटवणारा मित्र, दोघांमुळे नुकसान सारखेच होते.

मग दलील न जाणणाऱ्या आमच्या दादी-नानीच्या इमानाचे काय? हा वाद जुना आहे. अश्अरी परंपरेतील काही मुतकल्लिमांनी दलीलीवाचूनचे इमान अपुरे मानले. हनफींमध्ये चालत आलेल्या मातुरीदी परंपरेने ते ग्राह्य धरले, मात्र कुवत असून विचार टाळणाऱ्याला दोष दिला. गझालींनी 'फैसलुत्तफरिका' या दुसऱ्या पुस्तकात ठणकावले आहे की दलीली न येणाऱ्या सामान्य माणसांना काफिर ठरवणारे लोक अल्लाहची अफाट रहमत आखूड करतात आणि जन्नत मूठभर पंडितांची जहागीर बनवतात. त्यांचे गुरू इमाम जुवैनी यांच्याविषयीही सांगितले जाते की अखेरच्या काळात त्यांनी नीशापूरच्या म्हाताऱ्या बायांच्या अकीद्यावर मरण यावे अशी इच्छा व्यक्त केली होती.

पण इथे एक सावधगिरी हवी. दादीचे इमान आंधळे होते, असे आम्ही मानत नाही. तिच्याजवळ तर्कशास्त्र नव्हते, पण पुरावा होता. तो तिच्या आयुष्याचा होता. दुष्काळात, बाळंतपणात, मयतीत आणि फजरच्या सजद्यात तिने तो गोळा केला होता. तो दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, एवढेच. आणि म्हणूनच नातवाने तो मागितला तर "मी मानते म्हणून तूही मान" हे उत्तर पुरत नाही. त्याला त्याचा पुरावा स्वतः गोळा करावा लागतो.

कुरआनात याला आधार आहे. हजरत इब्राहीम (अ.स.) यांनी अल्लाहकडे मागणे केले की मेलेल्यांना तू कसे जिवंत करतोस ते मला दाखव. तुझे इमान नाही का, असे विचारले गेले. त्यांनी सांगितले की इमान आहे, पण दिलाला समाधान हवे आहे. यावर त्यांना रागावले गेले नाही. चार पक्ष्यांची खूण देण्यात आली. आमच्या घरांत असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आम्ही एवढी तरी मोकळीक देतो का?

आमची मराठी भाषाही इथे मदतीला येते. मराठीत 'इमान' हा शब्द 'श्रद्धा' या अर्थाने रुळला नाही. इमानदार, बेइमान, इमानेइतबारे या शब्दांत इमान म्हणजे सचोटी, दिलेल्या शब्दाला जागणे. अरबीत तो अमन आणि अमानत यांच्याच मुळातून आला आहे. म्हणून 'श्रद्धा की पुरावा' हा मराठी वादविवादातला नेहमीचा प्रश्न आम्हांला थोडा तिरपा वाटतो. ज्याला संशय आहे आणि जो तो प्रामाणिकपणे बोलून दाखवतो, तो बेइमान कसा?

गझालींच्या पुस्तकात उणिवाही आहेत आणि त्या झाकणे आम्हांला योग्य वाटत नाही. पहिली, नूरचा दावा कोणीही करू शकतो. खरा नूर आणि मनाचा खेळ यांत फरक कसा करायचा, याची पुरेशी कसोटी ते देत नाहीत. दुसरी उणीव अधिक बोचते. ज्या माणसाने स्वतः दोन महिने संशयात काढले आणि तकफीरची घाई करणाऱ्यांना फटकारले, त्यानेच तत्त्वज्ञांना तीन मुद्द्यांवर काफिर ठरवले. पुढे इब्ने रुश्द (११२६–११९८) यांनी याला उत्तर दिले आणि सांगितले की माणसांचे स्वभाव निराळे असतात. कोणाला काटेकोर प्रमाण पटते, कोणाला चर्चा, कोणाला उपदेश. सर्वांना एकाच दरवाजाने आत घेता येत नाही.

इक्बालांनी हा धागा आमच्या काळात आणला. १९२८-२९ मध्ये मद्रास आणि हैदराबादेत त्यांनी जी व्याख्याने दिली, त्यांत अल्लाहच्या अस्तित्वाच्या तिन्ही प्रसिद्ध तात्त्विक दलीली अपुऱ्या असल्याचे त्यांनी उघड मान्य केले आणि धार्मिक अनुभवालाच ज्ञानाचा एक मार्ग म्हणून तपासायला घेतले. आपल्या मांडणीपेक्षा अधिक चांगले विचार पुढे येतील, हेही त्यांनी नोंदवले. दलील अपुरी आहे म्हटल्याने त्यांचे इमान गेले नाही.

आणखी एक गोष्ट साहित्याच्या अंगाने. गझालींचे गद्य आम्हांला भावते ते त्याच्या निर्भीडपणामुळे. १०९५ मध्ये बगदादच्या निजामियातील मानाची जागा सोडताना शिकवायला तोंड उघडले तर शब्द फुटेना, वैद्यांनी हात टेकले, मक्केला जातो असे सांगून मनात शामला जाण्याचा बेत होता, आपल्या शिकवण्यामागे नावाची हाव होती, हे सगळे ते लिहून टाकतात. १९९० मध्ये सोलापुरात भरलेल्या पहिल्या संमेलनापासून मुस्लिम मराठी साहित्याने गरिबी, दंगल, तलाक आणि परकेपणा यांवर धीटपणे लिहिले आहे. पण आपल्याच इमानाला पडलेला तडा आणि तो सांधला की नाही याची हकिकत आमच्या वाचनात फार थोडी आली. लेखक भितात, कारण घर आणि मोहल्ला असा मजकूर ऐकून घेईल, याचा त्यांना भरवसा नाही.

म्हणून तो कॉलेजातला मुलगा पुन्हा दारात उभा राहील तेव्हा आम्ही त्याला नावेची गोष्ट जरूर सांगू. ती सुंदर आहे. पण ती शेवटचे उत्तर नाही हेही सांगू. एका मोठ्या इमामालाही हाच प्रश्न पडला होता, दोन महिने त्यांना उत्तर सापडले नव्हते, आणि त्या दोन महिन्यांत ते इस्लामबाहेर गेले असे आम्ही कधी म्हटले नाही, एवढे त्याच्या कानावर घालू. मग पुस्तक त्याच्या हातात देऊ आणि त्याला बोलू देऊ.