‘पूर्ण सहमत’ म्हणणारा नवा कामगार

मंडळी, आज एका कागदावर बोलू. अंबड एमआयडीसीत नवा मुलगा कामाला लागला, की बऱ्याच ठिकाणी इंडक्शनच्या दिवशी त्याच्यापुढे सुरक्षिततेची प्रश्नावली येते. ‘मी सुरक्षा साधने नेहमी वापरीन.’ ‘उत्पादनापेक्षा सुरक्षा महत्त्वाची आहे.’ समोर पाच चौकटी, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. आता पेठ-सुरगाण्याकडून आलेला, गेटपासही अजून हातात न पडलेला मुलगा कुठे खूण करणार? त्याला नोकरी हवीये. तो सगळीकडे ‘पूर्ण सहमत’ करतो आणि फायलीत नोंद पडते, दृष्टिकोन चांगला.

माझं म्हणणं असं, की इथे दृष्टिकोन मोजलाच जात नाही. मोजली जाते ती त्याची गरज.

या विषयातला गाजलेला अभ्यास डोव्ह झोहर यांचा, १९८० सालचा. इस्रायलमधले २० कारखाने, ४० विधानांची प्रश्नावली. पण त्यांनी कामगाराला विचारलं काय? तर, तुमचं व्यवस्थापन सुरक्षिततेकडे कसं बघतं असं तुम्हाला वाटतं? म्हणजे परीक्षक कामगार आणि परीक्षा व्यवस्थापनाची. आपण कागद तसाच ठेवला नि खुर्च्या तेवढ्या बदलल्या.

ही खोड जुनी आहे. १९३१ साली हाइनरिश या विमा कंपनीतल्या माणसानं पुस्तक लिहिलं आणि ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे होतात, असं सांगितलं. तो आकडा अजून पोस्टरवर भेटतो. त्यामागचा मालमसाला मात्र विम्याचे दावे आणि कारखानदारांच्या नोंदी, हे पोस्टरवर नसतं. बोट ज्याचं गेलं त्याला त्या कागदांत कितीसं बोलायला मिळालं असेल?

आता प्रेस शॉपमध्ये चला. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. हेतू साधा: रॅम खाली येताना एकही हात डायमध्ये नको. पण शिफ्टचा आकडा गाठायचा असतो. मग कुणीतरी एक बटण दाबलेलंच राहील अशी पाचर मारून ठेवतं. दुसरा हात मोकळा, पत्रा सरकवायला. नवा मुलगा हे तिसऱ्या दिवशी बघतो. सुपरवायझर शेजारून जातो, पाचर त्यालाही दिसते, तो विचारतो, ‘किती पीस झाले?’ झालं! मुलाचं खरं इंडक्शन त्या क्षणी झालं. पहिल्या दिवशीच्या चौकटींचा आता काय उपयोग?

प्रश्नावली फेकूनच द्या, असं मी म्हणत नाही. मुलाला मराठी वाचता येतं की हिंदीत सांगावं लागेल, इमर्जन्सी बटण कुठलं हे कळलंय का, एवढं तिच्यातून समजतं. ती माहितीची चाचणी झाली. मनात काय आहे ते जाणायचं, तर पंधरा दिवसांनी आणि त्याच्या लाइनवरचा नसलेल्या माणसानं विचारावं: मशीन बंद करावंसं वाटलं असं कधी झालं? केलंस का? नाही केलंस, तर कुणाची भीती वाटली? आणि उत्तरावर त्याचं नाव नको.

भोपाळनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात कलम १११-अ घातलं गेलं. सुरक्षिततेची माहिती मिळवणं, प्रशिक्षण मिळणं, संरक्षण अपुरं वाटलं तर थेट निरीक्षकाकडे म्हणणं मांडणं, हे हक्क त्या कलमानं कामगाराला दिले होते. ‘मी तक्रार करू शकतो हे मला ठाऊक आहे’, असं विधान त्या प्रश्नावलीत शोधून बघा बरं.

आणि एक राहिलंच. यातली पुष्कळ मुलं ठेकेदाराची. फॉर्म कंपनीचा, हजेरी ठेकेदाराकडे. मुलगा पंधराव्या दिवशी खरं बोलला, तर सोळाव्या दिवशी ठेकेदार त्याला दुसऱ्या गेटवर पाठवू शकतो. फॉर्म तयार करणाऱ्यांनी याचं उत्तर आधी द्यावं, मग आपण चौकटी पाच असाव्यात की सात यावर बोलू.