नावडतीचे मीठ

‘नावडतीचे मीठ अळणी’ ही म्हण मराठी घराघरातील अनुभवातून आली आहे. एखादे माणूस एकदा मनातून उतरले, की त्याचे चालणे, बोलणे, हसणे, इतकेच काय पण त्याने रांधलेले अन्नही आपल्याला रुचत नाही. दोष मिठाचा नसतो, चाखणाऱ्याच्या मनाचा असतो. फ्रान्समधील लिझ्यू येथील कार्मेल मठात संत तेरेजा हिने १८९७ च्या जून महिन्यात आपल्या वहीत अशाच एका सहभगिनीविषयी लिहून ठेवले आहे. तिचे वागणे, तिचे बोलणे, तिचा स्वभाव, सारेच आपल्याला खटकते, हे तिने आडपडदा न ठेवता सांगितले आहे. त्या भगिनीचे नाव मात्र ती तेथे देत नाही. संतचरित्रांत भूतबाधा, छळ आणि हौतात्म्य यांची वर्णने वाचायची आपल्याला सवय आहे. चोवीस तास एका छपराखाली राहणाऱ्या बायकांची एकमेकींविषयीची नावड ही गोष्ट संतचरित्रात इतक्या मोकळेपणी क्वचितच येते. म्हणून या प्रकरणाचा स्वतंत्र विचार करावासा वाटतो.

तेरेजाचा जन्म १८७३ चा. १८८८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने मठात प्रवेश केला आणि ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, क्षयाने तिचे निधन झाले. ‘एका आत्म्याची कहाणी’ या अर्थाच्या नावाने तिची आत्मकथा १८९८ साली प्रसिद्ध झाली. १९२५ साली तिला संतपद मिळाले. १९२७ साली आपल्या गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियरबरोबर ती मिशनकार्याची आश्रयदात्री झाली आणि १९९७ साली ख्रिस्तसभेने तिला धर्मपंडिता म्हणून गौरविले. पहिल्या आवृत्तीवर तिच्या सख्ख्या बहिणीने, मदर आग्नेस हिने, संपादनाचा बराच हात फिरविला होता. मूळ हस्तलिखिते जशीच्या तशी वाचकांपुढे आली ती १९५६ साली. आपण ज्या भागाविषयी बोलत आहोत, तो तिने मठप्रमुख मदर मारी द गोंझाग यांना उद्देशून लिहिला आहे. या मदर स्वभावाने लहरी होत्या, असे चरित्रकार सांगतात. अवघड माणसांवरील प्रेमाविषयीचे हे लेखन एका अवघड वरिष्ठेच्याच आज्ञेवरून झाले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

यातील प्रसंग पाहिले तर ते किती लहान आहेत! सायंकाळच्या ध्यानाच्या वेळी मागे बसणारी एक भगिनी सतत विचित्र बारीक आवाज करते. मागे वळून एकदा रोखून पाहावे, एवढा मोह तेरेजाला होतो. ती तो आवरते. त्या प्रयत्नात तिला घाम फुटतो. कपडे धुताना समोरची भगिनी नकळत मळके पाणी तिच्या तोंडावर उडविते. ती चेहरा पुसायचे टाळते. सेंट पिएर नावाच्या वृद्ध व पंगू भगिनीला रोज सायंकाळी सहाला दहा मिनिटे असताना प्रार्थनागृहातून भोजनगृहात न्यायचे असते. म्हातारीला खूश करणे सोपे नाही: जोरात चालले तर ती पडेल, हळू चालले तर आधार कुठे गेला म्हणून कुरकुरेल. तेरेजा तिला नेते, तिचा पाव तोडून देते आणि निघताना हसून निघते. हे सारे तिने मिश्कीलपणे लिहिले आहे. आपल्या फजितीवर तिला हसता येते, म्हणूनच तिचा उपदेश जड होत नाही.

अशा प्रसंगांवरून आपण व्यासपीठावरून एक ठरीव निष्कर्ष काढतो: चंदन सहाणेवर झिजते, तसा भक्त अवघड माणसांमुळे झिजून सुगंधित होतो. निंदकाला शेजार द्यावा, हा विचारही संतवाङ्मयामुळे मराठी मनाला परिचित आहे. परंतु तेरेजाच्या लेखनात हे दोन्ही बसत नाही, असे माझे मत आहे. तिच्या या भगिनी निंदक नाहीत. त्या तिचे दोष दाखवीत नाहीत. आणि सहाण ही शेवटी वस्तू आहे. माझ्या पावित्र्यासाठी देवाने या बाईला खडबडीत घडविले असे मी म्हटले, की त्या बाईचे माणूसपणच मी काढून घेतो. तेरेजा याच्या नेमके उलट करते. त्या नावडत्या भगिनीच्या अंतःकरणात येशू वास करतो, असे ती मानते. तिच्यासाठी प्रार्थना करते, तिची कामे हलकी करते, उलट उत्तर जिभेवर आले की हसून विषय बदलते. शेवटी ती भगिनीच आनंदाने विचारते, की माझ्यात तुला एवढे काय आवडते? जिच्या हातचे मीठ अळणी लागत होते, तिला आपण नावडते आहोत याचा पत्ताही नव्हता.

मग हे ढोंग नव्हे काय? हा प्रश्न टाळता येणार नाही. आजच्या वाचकाला मनातले बोलून टाकणे हाच प्रामाणिकपणा वाटतो. याचे उत्तर त्याच वहीच्या आधीच्या पानांत आहे. १८९६ च्या पुण्यशुक्रवारच्या सुमारास तेरेजाच्या तोंडून रक्त पडले. त्यानंतर लवकरच तिच्या श्रद्धेवर अंधार पसरला. स्वर्ग आहे ही जाणीवच नाहीशी झाली. तो अंधार अखेरपर्यंत हटला नाही. तरीही ती श्रद्धेची कृत्ये करीत राहिली. प्रेमाच्या आज्ञेचा खोल अर्थ आपल्याला याच वर्षी उमगला, असे ती लिहिते, ते या अंधारातून. या दोन गोष्टी सुट्या वाचल्या तर प्रकरणाचे मर्म निसटते. स्वर्ग जाणवत नसताना स्वर्गावर विश्वास ठेवणे आणि माया वाटत नसताना माया करणे, हे एकाच इच्छाशक्तीचे काम आहे. तिचे स्मित खोटे नव्हते. ते भावनेवर अवलंबून नव्हते, इतकेच. नावडत्या भगिनीशी वागताना तिचा जो सराव झाला, तोच तिला देवाच्या मौनातही उपयोगी पडला असावा. अवघड माणसे श्रद्धा वाढवितात ती या अर्थाने.

या लेखनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आपण येथे एकच बाजू ऐकतो. तेरेजा स्वतः किती जणींना अवघड वाटत असेल, हे वहीत फारसे कळत नाही. दुसरे असे, की हे प्रसंग समान व्रते घेतलेल्या भगिनींमधले आहेत. मारहाण करणाऱ्या पतीपुढे किंवा मजुरी बुडविणाऱ्या मालकापुढे हसत राहा, असा सल्ला यातून कोणी काढला, तर तो तेरेजावर आणि शुभवर्तमानावर अन्याय ठरेल. अन्यायाला अन्याय म्हणणे हेही प्रेमच आहे. शिवाय तिने स्वतःच सांगितले आहे, की संघर्ष फारच तीव्र झाला तर ती रणांगणातून पळणाऱ्या शिपायासारखी सरळ निघून जात असे. माघारीलाही तिच्या मार्गात स्थान आहे.

हे प्रकरण तिने बागेत, आजाऱ्याच्या खुर्चीत बसून लिहिले. जाणाऱ्या-येणाऱ्या भगिनी थांबून गप्पा मारत; सलग दहा ओळीही आपल्याला लिहू देत नाहीत, असे ती हसत नोंदविते. सहनशीलतेवर लिहिण्यासाठी तिला एकांत मिळाला नाही, आणि तिने तो मागितलाही नाही. आपल्या धर्मग्रामांत गायकवृंद आहेत, मंडळे आहेत, वाटण्या झालेली घरे आहेत. कोणाशी तरी आपले पटत नाही म्हणून मिस्सेला दुसऱ्या दाराने शिरणारे श्रद्धावंतही आहेत. त्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावे. प्रभूचे दान आहे म्हणून त्या माणसाचे आभार मानण्याची घाई नको. आधी त्याच दाराने आत जावे आणि तो कसा आहे, एवढे विचारावे.