‘दहापट वेगवान’ : स्पार्कचा पेपर वाचताना

बोईसरच्या एका ज्युनिअरने पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी म्हणून एका पेपरचा सारांश लिहून मला पाठवला. पेपर म्हणजे ‘स्पार्क : क्लस्टर कम्प्युटिंग विथ वर्किंग सेट्स’, झहारिया आणि सहकारी, बर्कली, २०१०. सारांश नीटनेटका होता. फक्त शेवटचं वाक्य खटकलं : ‘स्पार्क हडूपपेक्षा दहापट वेगवान आहे.’ पेपर असं म्हणतच नाही. त्याच त्याच डेटावर फेऱ्या मारणाऱ्या मशीन लर्निंगच्या कामांत दहापट, असं म्हणतो.

आधी कल्पना समजून घेऊ. हडूपमध्ये प्रत्येक फेरीला डेटा डिस्कवरून पुन्हा वाचावा लागतो. तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात एकाच मालावर दहा वेळा काम करायचंय आणि दर वेळी तो गोडाऊनमधून नव्याने आणायचा, तसंच हे. स्पार्क म्हणतं, एकदा आणलेला माल मशीनपाशीच ठेवा, म्हणजे क्लस्टरच्या मेमरीत. एखादा नोड बंद पडला तर त्याच्याकडचा तुकडा कसा तयार झाला होता याची नोंद असते. तेवढाच पुन्हा बनवायचा. कल्पना खरंच सुरेख आहे, आणि टीका लिहिताना हे आधी मोकळेपणाने लिहावं.

आता आकडे. २९ जीबी डेटा, अ‍ॅमेझॉनकडून भाड्याने घेतलेले २० नोड, काम लॉजिस्टिक रिग्रेशनचं. हडूपला प्रत्येक फेरीला १२७ सेकंद. स्पार्कला पहिल्या फेरीला १७४ आणि नंतरच्या प्रत्येक फेरीला फक्त ६. कागद-पेन घ्या. एकच फेरी असेल तर स्पार्क चक्क मागे आहे! ५ फेऱ्यांना ६३५ विरुद्ध १९८, म्हणजे तिपटीहून थोडं जास्त. १० फेऱ्यांना १२७० विरुद्ध २२८, साडेपाचपट. ३० फेऱ्यांना ३८१० विरुद्ध ३४८, तेव्हा कुठे दहापट ओलांडते. लेखकांनी काही लपवलेलं नाही, आकडे पेपरमध्येच छापलेत. गुणाकार आपण करत नाही, एवढंच.

आकडा कामाला चिकटलेला असतो. पुण्याची ‘एका’ नोव्हेंबर २००७ मध्ये टॉप५०० यादीत चौथी आली, ११७.९ टेराफ्लॉप्सवर. ती मोजणी लिनपॅकची, म्हणजे समीकरणांची मोठी गच्च मॅट्रिक्स सोडवण्याची. तुमचा प्रोग्रॅम तिथे किती पळेल, हे त्यावरून कळत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या प्रत्येक नोडला १५ जीबी मेमरी होती, म्हणजे वीस मिळून ३०० जीबी. डेटा २९. माल आरामात मावतोय! मावला नाही तर काय, हे या पेपरमध्ये तपासलेलं नाही. त्याच गटाच्या २०१२ च्या पेपरमध्ये ते आहे : मेमरी कमी पडली की वेग हळूहळू घटतो, एकदम कोसळत नाही. म्हणून हे दोन पेपर जोडीने वाचा.

आणि तुलना हडूपशीच का? मॅकशेरी, आयसार्ड आणि मरे यांनी २०१५ मध्ये ट्विटरच्या ग्राफवर पेजरँकच्या २० फेऱ्या तपासल्या. स्पार्कला १२८ कोअरवर ८५७ सेकंद, तर लॅपटॉपवर एकाच थ्रेडला ३००. भारी आहे, पण इथेही तेच प्रश्न विचारा : तो ग्राफ एका लॅपटॉपवर मावत होता, आणि मध्येच लॅपटॉप बंद पडला तर सांभाळायला कोणी नव्हतं.

ज्युनिअरने वाक्य बदललं : ‘डेटा मेमरीत मावत असेल आणि फेऱ्या तीसच्या आसपास असतील, तर या कामात स्पार्क हडूपच्या दहापट.’ आता त्याने मॅपरिड्यूसचा २००४ चा पेपर घेतलाय. सुमारे १८०० मशीन, एक टेराबाइटचं सॉर्टिंग, ८९१ सेकंद. त्यात तुलना कशाशी केली आहे, हे शोधून सांग म्हटलंय.