विटंबनेचे चित्र, वेदनेचे चित्र

एखादे चित्र वाईट आहे असे म्हणणे सोपे. ते का वाईट आहे हे सांगणे अवघड. २००६ साली ‘स्लेयर’ या अमेरिकन हेवी मेटल वाद्यवृंदाचा ‘क्राइस्ट इल्यूजन’ हा अल्बम निघाला, तेव्हा आम्ही त्यांतले सोपे तेवढेच केले.

मुखपृष्ठावर लॅरी कॅरोल या चित्रकाराने ख्रिस्त रंगविला होता: हात तुटलेले, एक डोळा गेलेला, रक्ताच्या सागरात उभा, भोवती छाटलेली मस्तके. कॅलिफोर्नियातील फुलर्टन शहरात बसथांब्यांच्या बाकांवरील त्याच्या जाहिराती काढून टाकण्यात आल्या. मुंबईत कॅथलिकांनी आक्षेप घेतला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये ईएमआय कंपनीने भारतातील प्रती परत घेतल्या.

भावना दुखावल्या हे खरेच. परंतु छिन्नविच्छिन्न ख्रिस्त दाखविणे हाच अपराध मानला, तर प्रथम आपल्याच वेद्या रित्या कराव्या लागतील. ग्रूनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने १५१२ ते १५१६ च्या सुमारास इझेनहाइमच्या मठासाठी रंगविलेला क्रूसावरील ख्रिस्त पाहावा. हिरवट पडलेली कातडी, अंगभर व्रण, वेदनेने ताठरलेली बोटे! पण त्या मठात ‘संत अंतोनीची आग’ या व्याधीचे रुग्ण येत. त्यांची कातडी जळे, हातपाय झडत. आपल्याच जखमा त्यांना प्रभूच्या देहावर दिसत. ते चित्र कुणासाठी तरी काढलेले होते.

कॅरोलची मांडणी खिळवून ठेवते, हे आम्ही नाकारीत नाही. हात नसलेला ख्रिस्त कुणाला आशीर्वाद देऊ शकत नाही, कुणाला कवटाळू शकत नाही. ईश्वर असहाय आहे काय, असा प्रश्न त्यातून उभा राहतो. तो विचारण्यात पाप नाही. ईयोबानेही देवाला जाब विचारला. मात्र ईयोब उत्तरासाठी थांबला. बाकावरच्या जाहिरातीला उत्तर नको असते. तिला वाटसरूचा दचका हवा असतो. वेदनेला तिथे सोबती नाही, फक्त गिऱ्हाईक आहे. आमच्या मते त्या चित्राचा खरा दोष हाच.

म्हणून मुलाच्या खोलीत असे चित्र दिसले, तर ते फाडण्याची घाई करू नये. त्याच्याजवळ बसावे, ग्रूनेवाल्डचा ख्रिस्त शेजारी ठेवावा आणि विचारावे: बाळा, यांपैकी कोणता तुझ्या दु:खात तुझ्याजवळ येईल?