पदबंध आणि उपवाक्य : मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने एक चिकित्सा

महाराष्ट्रातील मराठी शाळांत 2000 पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तथापि पिरंगुटसारख्या गावातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास ‘क्रियापद असेल ते उपवाक्य’ ही ढोबळ व्याख्या अपुरी पडते. उपवाक्यास कर्ता व त्याच्याशी निगडित क्रियापद असावे लागते. मराठीतील ‘काल आलेला मुलगा’ हा पदबंध होय; ‘आलेला’ हे केवळ कृदन्त आहे. इंग्रजीत मात्र ‘द बॉय हू केम येस्टरडे’ यात ‘हू केम येस्टरडे’ हे उपवाक्य नामानंतर येते. त्यास जवळची मराठी रचना ‘जो मुलगा काल आला, तो’ ही होय. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (1911) या ग्रंथाचा वारसा लाभलेल्या भाषेत केवळ व्याख्यापाठांतर उचित नव्हे. अध्यापनाचा आरंभ जो-तो रचनेपासून झाल्यास हा भेद अधिक सुस्पष्ट होईल.