मध्यस्थाचे मौन : तारा, लहरी आणि मर्ढेकर

दूरध्वनी आणि नभोवाणी यांना ‘ध्वनिमाध्यमे’ या एकाच कोटीत टाकण्याची समीक्षेची सवय सोयीची असली तरी वासाहतिक संदर्भात ती दिशाभूल करते. भारतातील पहिले स्वयंचलित दूरध्वनी केंद्र १९१३-१४ मध्ये सिमल्यास उभे राहिले, ७०० जोडण्यांचे. साम्राज्याची उन्हाळी राजधानी या यंत्रासाठी प्रथम निवडली जावी, हे अर्थपूर्ण आहे. स्ट्राउजर पद्धतीत ग्राहकाच्या बोटाने पाठविलेल्या आवेगांनी निवडक दांडा आधी वर चढतो, मग वळतो. दहा पायऱ्या, प्रत्येकीवर दहा संपर्क. तारा जोडून देणारी आणि जोडता जोडता ऐकू शकणारी व्यक्ती येथे नाहीशी होते. (कॅन्ससमधील अंत्यविधी व्यावसायिकाला हे यंत्र सुचले ते आपली गिऱ्हाइके दूरध्वनी चालिका प्रतिस्पर्ध्याकडे वळविते या संशयातून, ही आख्यायिका खरी नसली तरी बोलकी आहे.)

नभोवाणीत मध्यस्थ नाहीसा होत नाही, तो फक्त दिसेनासा होतो. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबई केंद्र सुरू झाले. ते चालविणारी खाजगी कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने प्रसारण हाती घेतले आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. वर्षाला १० रुपयांचा परवाना घेणाऱ्या श्रोत्याला ऐकण्याचा अधिकार होता. उत्तर देण्याची सोय नव्हती.

श्रोत्यालाही बोलते करावे, हा ब्रेख्तचा १९३२ मधला आग्रह येथे हमखास उद्धृत होतो. वसाहतीत तो तसाच लावता येत नाही. दुहेरी संवादाचे यंत्र येथे आधीच होते, परंतु ते राज्यकर्त्यांच्या आणि धनिकांच्या मेजावर होते. उलट ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ या काळात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून जागा बदलत चालविलेले ‘काँग्रेस रेडिओ’ पूर्णतः एकेरी होते. माध्यमाची दिशा म्हणजे त्याचे राजकारण नव्हे.

मराठी समीक्षेने या प्रश्नाला बगल दिली ती मर्ढेकरांच्या बाबतीत. १९३८ पासून १९५६ मध्ये निधन होईपर्यंत ते नभोवाणीच्या सेवेत होते. म्हणजे ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) आणि ‘काही कविता’ (१९४७) या दोन्ही पुस्तकांच्या काळात दुसऱ्यांचे आवाज निवडणे व प्रक्षेपित करणे हा त्यांच्या उपजीविकेचा भाग होता. त्यांच्या यंत्रयुगीन प्रतिमांचा उगम एलियटमध्ये आणि लंडनच्या वास्तव्यात शोधणारे अभ्यासक ही नोकरी चरित्राच्या टिपेत उरकतात. संगीतिकांना तर ‘किरकोळ लेखन’ ठरवून मोकळे होतात. वास्तविक संगीतिका ही रंगमंचाचा आधार नसलेली, केवळ कानावर उभी राहणारी संहिता आहे.

येथे सरळ कार्यकारणभाव जोडणे भाबडेपणाचे होईल. परंतु ज्यांचे सौंदर्यशास्त्र कलाकृतीला तिच्या अंतर्गत लयसंबंधांवाचून अन्य कोणताही निकष मानीत नाही, जणू बाहेरच्या कोणी तारा जोडण्याची गरजच नाही, ते मर्ढेकर प्रत्यक्षात सरकारी ध्वनिक्षेपकामागे बसणारे मध्यस्थ होते. त्यांच्या लयसिद्धांताचे वाचन हा विसंवाद जमेस धरून अद्याप व्हावयाचे आहे.