कुणी नाही, कुरिअरवाला!

रहस्यकथेबद्दल लिहिताना शेवट सांगायचा नसतो, हा शिष्टाचार मी इथे मोडणार आहे. जी. के. चेस्टरटनच्या 'द इनोसन्स ऑफ फादर ब्राउन' या कथासंग्रहाबद्दल मला जे म्हणायचंय, ते खुनी कोण हे सांगितल्याशिवाय म्हणता येत नाही. ज्यांना आधी कथा वाचायच्या असतील त्यांनी खुशाल वाचून याव्यात. पुस्तक १९११ सालचं आहे, कॉपीराइटमधून केव्हाच मोकळं झालंय आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. फोनवर एका कथेला अर्धा-पाऊण तास पुरतो.

संग्रहात १२ कथा आहेत. त्यांचा नायक एक बुटका, गोल चेहऱ्याचा कॅथलिक पाद्री, ज्याच्या हातातली छत्री सारखी खाली पडत असते. शेरलॉक होम्सचा दबदबा तेव्हा ऐन भरात होता. होम्स बुटावरचा चिखल आणि सिगारेटची राख वाचतो. फादर ब्राउनची सगळी कमाई कबुलीजबाब ऐकण्यातून आलेली. माणसं काय काय करू शकतात हे त्यानं माणसांच्याच तोंडून ऐकलंय. त्यामुळे 'आत कसा शिरला?' यापेक्षा 'तुम्हाला तो दिसला का नाही?' हा प्रश्न त्याला जास्त महत्त्वाचा वाटतो. माझ्या मते या संग्रहाचा जीव या एका प्रश्नात आहे.

'द इनव्हिजिबल मॅन' ही पाचवी कथा घ्या. इसिडोर स्माइथ नावाचा एक ठेंगणा माणूस यांत्रिक नोकर विकून श्रीमंत झालाय. या नोकरांना डोकंच नाही. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या येतात, म्हणून त्याच्या इमारतीवर चार जणांना लक्ष ठेवायला सांगितलं जातं: दरवान, पोलीस, भाजलेले चेस्टनट विकणारा फेरीवाला आणि एक कामगार. चौघंही शपथेवर सांगतात की कुणीच आत गेलं नाही. बर्फात मात्र पावलं उमटलेली असतात आणि स्माइथ नाहीसा झालेला असतो. खुनी असतो पोस्टमन. तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आत जातो आणि मृतदेह टपालाच्या पिशवीत घालून बाहेर येतो. चौघांपैकी कुणी खोटं बोलत नाही. 'कुणी आलं का?' या प्रश्नात पोस्टमन येतच नाही, इतकंच.

परदेशी कथेतली ही गोष्ट मराठी घरात लगेच पटते. बेल वाजते, आतून कुणीतरी विचारतं, "कोण आहे गं?" दार उघडणारी म्हणते, "कुणी नाही, कुरिअरवाला." चेस्टरटनची कथा या वाक्यावर उभी आहे. तिचा टोमणाही बारीक आहे. बिनडोक्याचे नोकर विकून गबर झालेल्या माणसाला मारतो कोण, तर ज्याच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नाही असा एक गणवेश.

तिसऱ्या कथेत, 'द क्वीअर फीट'मध्ये, हाच धागा जास्त मिस्कील होतो. लंडनमधल्या एका अतिमहागड्या हॉटेलात १२ बड्या लोकांच्या क्लबची वार्षिक मेजवानी आहे. फादर ब्राउन शेजारच्या खोलीत लिहीत बसलाय आणि बाहेरून पावलं ऐकू येतायत. आधी चुटूचुटू घाईची, मग रेंगाळत, ऐटीत टाकलेली. बूट मात्र तेच. फ्लाम्बो हा चोर पाहुण्यांसमोर वेटरसारखा चालतो आणि वेटरांसमोर पाहुण्यासारखा. वेटर आणि साहेब दोघांचाही कोट काळाच. म्हणजे फरक फक्त चालीत आणि बघणाऱ्याच्या डोक्यात. चोरी चांदीच्या काटेचमच्यांची आहे, पण चोरामुळे उघडं पडतं ते साहेबीपण.

नवव्या कथेत, 'द हॅमर ऑफ गॉड'मध्ये, खुनी स्वतः धर्मगुरू आहे. चर्चच्या उंच मनोऱ्यावर प्रार्थना करता करता त्याला खालची माणसं किड्यांएवढी दिसू लागतात आणि तो वरून भावाच्या डोक्यावर हातोडा टाकतो. संशय गावातल्या मतिमंद मुलावर जावा, हेही तो बघतो. उंचावरून बघितलं की माणूस माणूस राहत नाही, हे चेस्टरटननं इथे कुठलंही भाषण न देता दाखवलंय.

आणि म्हणूनच सातवी कथा सलते. 'द राँग शेप'मध्ये लेनर्ड क्विंटन नावाच्या अफूबाज कवीच्या घरी एक भारतीय पाहुणा आहे. कवी मरतो. संशय अर्थातच भारतीयावर. खरा खुनी निघतो इंग्रज डॉक्टर. कवीच्या हस्तलिखितातलं एक वाक्य, अवतरणचिन्ह असलेला कागदाचा कोपरा कापून, तो आत्महत्येची चिठ्ठी म्हणून पुढे करतो. युक्ती झकास आहे. लेखकाची बाजू घेऊन असंही म्हणता येईल की वाचकाचा पूर्वग्रह पकडण्यासाठीच हा सापळा लावलाय. मला तो बचाव अर्धाच पटतो. कारण भारतीय निर्दोष ठरला तरी फादर ब्राउनचं मत बदलत नाही. पूर्वेकडचे रंग सुंदर, पण आकार दुष्ट, असं तो गालिच्यांबद्दल बोलतो आणि कथा त्याला कुठेच अडवत नाही. त्या भारतीयाला नाव नाही. आपल्याला काही नको, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगतो, आणि त्याचाही अर्थ लावतो तो पाद्रीच. ज्या पुस्तकानं पोस्टमनचा चेहरा दाखवला, त्याला समोर बसलेला हा माणूस दिसत नाही.

चेस्टरटनला हे जमण्यासारखं नव्हतं असंही नाही. १९०९ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये त्यानं हिंदी राष्ट्रवादावर लिहिलं होतं. तुमची मागणी इंग्रजी संस्थांची नक्कल आहे, तिच्यात हिंदी असं फारसं काही नाही, असा त्याचा रोख होता. गांधीजी तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांना तो लेख इतका महत्त्वाचा वाटला की त्यांनी तो 'इंडियन ओपिनियन'च्या वाचकांपर्यंत पोहोचवला. 'हिंद स्वराज' त्याच वर्षीचं. म्हणजे स्तंभात चेस्टरटन भारतीयांशी वाद घालू शकत होता, त्यांना स्वतःची वाट असू शकते हे मानत होता. कथेत मात्र त्यानं भारतीयाला पांढरा झगा दिला आणि कोपऱ्यात उभं केलं. वादात समोरच्याला बोलू द्यावं लागतं. कथेत तशी सक्ती नसते.

मग हे पुस्तक वाचावं का? नक्की वाचावं, आणि सातवी कथा वगळू नये. जुन्या पुस्तकातला असा भाग काढून टाकला की उरलेलं पुस्तक गुळगुळीत होतं आणि आपणही फार शहाणे असल्यासारखं वाटू लागतं. पाचवी आणि सातवी कथा लागोपाठ वाचा. पाचवीत फादर ब्राउन जो प्रश्न त्या चार पहारेकऱ्यांना लावतो, तोच सातवीत स्वतः फादर ब्राउनला लावून बघा. त्यानंच शिकवलेली नजर आहे, चालते.